विश्लेषण : एका रात्रीत तीन लढती… किकबॉक्सिंगचा हेवीवेट विजेता सर्वोत्तम असतो, की सर्वांत कमी जखमी?

नेदरलँड्समधील आर्नहेम शहरात ९ मार्च २०२४ रोजी ‘ग्लोरी’ या व्यावसायिक किकबॉक्सिंग संघटनेची हेवीवेट ग्रँड प्रिक्स स्पर्धा झाली. आठ खेळाडू, एकच रात्र आणि एकच विजेता. अंतिम लढतीत रिको व्हेरहूवनने आपल्याच देशाच्या लेव्ही रिग्टर्सला हरवले. व्हेरहूवन त्या वेळी सुमारे दहा वर्षे ग्लोरीचा हेवीवेट जगज्जेता होता. त्यामुळे निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. या निमित्ताने एक जुना प्रश्न मात्र पुन्हा समोर आला. काही तासांत तीन लढती खेळायला लावून ठरवलेला विजेता खरोखर सर्वोत्तम असतो का? आणि त्याची किंमत खेळाडूंच्या शरीराला किती मोजावी लागते?

स्पर्धेचे स्वरूप कसे असते?

उपांत्यपूर्व फेरीच्या चार, उपांत्य फेरीच्या दोन आणि अंतिम अशा सात लढती एकाच कार्यक्रमात होतात. प्रत्येक लढत साधारणपणे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. सगळ्या लढती पूर्ण वेळ चालल्या तर विजेत्याला एका रात्रीत २७ मिनिटे रिंगमध्ये काढावी लागतात. ग्लोरीमध्ये ९५ किलोंपेक्षा अधिक वजनाचे खेळाडू हेवीवेट गटात येतात. या वजनाच्या माणसाची एक लाथही लढत संपवू शकते. ठोसे, लाथा आणि गुडघ्याचे प्रहार यांना परवानगी असते, कोपराच्या प्रहारांना नसते.

मांडीवर बसणाऱ्या खालच्या लाथा इथे फार महत्त्वाच्या ठरतात. त्यांचा परिणाम लगेच दिसतोच असे नाही. तासाभराने पाय सुजतो, आखडतो आणि त्याच पायावर पुढची लढत खेळावी लागते.

ही पद्धत आली कुठून?

तिला लोकप्रिय केले जपानने. काझुयोशी इशी यांनी सुरू केलेल्या ‘के-१’ची पहिली ग्रँड प्रिक्स ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोत झाली. क्रोएशियाच्या ३८ वर्षांच्या ब्रँको सिकाटिचने अंतिम लढतीत एर्नेस्टो हूस्टला पहिल्याच फेरीत नॉकआउट केले. प्रेक्षकांना ही कल्पना आवडली, कारण समजायला सोपी होती. क्रमवारी माहीत नसली तरी चालते. संध्याकाळी आठ जण रिंगमध्ये उतरतात आणि रात्री एक उरतो. पुढे के-१ची अंतिम फेरी टोकियो डोमसारखी प्रचंड स्टेडियम भरू लागली.

पराभूत खेळाडू विजेता कसा झाला?

या पद्धतीची ताकद आणि तिचा दोष, दोन्ही पाहायचे असतील तर डिसेंबर २००२ची टोकियो डोममधील स्पर्धा पाहावी. ऑक्टोबरमध्ये पात्रता लढतीत हूस्ट अमेरिकेच्या धिप्पाड बॉब सॅपकडून हरला होता, म्हणजे तो बाहेर पडला होता. मात्र सेमी शिल्ट जखमी झाल्याने हूस्टला बदली म्हणून बोलावण्यात आले आणि समोर पुन्हा सॅपच उभा राहिला. सॅपने त्याला दुसऱ्यांदा हरवले. दुसऱ्या फेरीत लढत थांबवावी लागली.

पण सॅपही दुखापतीमुळे पुढे खेळू शकला नाही. त्याच्या जागी हूस्ट उपांत्य फेरीत उतरला आणि त्याने रे सेफोला हरवले. अंतिम लढतीत त्याच्या लाथांनी जेरोम ले बॅनरचा हात मोडला आणि तिसऱ्या फेरीत लढत संपली. अशा रीतीने ३७ वर्षांच्या हूस्टने चौथे विजेतेपद मिळवले. दोन महिन्यांत एकाच प्रतिस्पर्ध्याकडून दोनदा हरलेला खेळाडू जगज्जेता ठरला होता.

हूस्टचे धैर्य आणि कौशल्य वादातीत आहे. प्रश्न नियमाचा आहे. प्रहार सोसून ज्याची लढत थांबवावी लागली, त्याच खेळाडूला त्याच रात्री आणखी दोन लढती खेळू देणे योग्य होते का?

मग या पद्धतीत जिंकतो कोण?

जो लवकर संपवतो तो. २००९मध्ये सुमारे सात फूट उंचीच्या सेमी शिल्टने अंतिम रात्रीच्या तिन्ही लढती पहिल्याच फेरीत जिंकल्या. लढत लवकर संपली की मार कमी बसतो आणि विश्रांती जास्त मिळते. उलट उपांत्य फेरीत अटीतटीची झुंज देऊन आलेला खेळाडू अंतिम लढतीत बरेचदा लंगडतच उतरतो. म्हणजे ‘ड्रॉ’मध्ये आपल्या वाट्याला कोण येतो आणि प्रतिस्पर्ध्याची आधीची लढत किती लांबते, यावरही विजेतेपद अवलंबून असते.

आयोजकांनाही हे ठाऊक असते. ३१ डिसेंबर २०१२ रोजी जपानच्या सैतामा शहरात ग्लोरीने चक्क १६ खेळाडूंची स्पर्धा एका रात्रीत घेतली. चार लढती जिंकणे आवश्यक असल्याने फेऱ्या दोन मिनिटांच्या केल्या गेल्या आणि पहिल्या दोन फेऱ्या जिंकणाऱ्याला तिसरी खेळावी लागणार नाही, असे ठरले. ती स्पर्धाही शिल्टनेच जिंकली. भार फार आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होती.

खरा धोका कोणता?

मोडलेला हात दिसतो, मेंदूला बसलेला धक्का दिसत नाही. त्याची लक्षणे काही वेळा तासांनंतर जाणवतात. मेंदू सावरण्याआधी पुन्हा आघात झाला तर इजा गंभीर होऊ शकते. म्हणूनच बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झालेल्या खेळाडूला अनेक ठिकाणी काही आठवडे सक्तीची विश्रांती दिली जाते. ऑलिंपिक बॉक्सिंगही अनेक दिवस चालते. एका रात्रीच्या स्पर्धेत हरणारा घरी जातो, पण खाली पडून पुन्हा उठून जिंकणारा मात्र पुढच्या लढतीसाठी तयार होत असतो. आपण ठीक आहोत का, हे त्याला विचारून उपयोग नसतो. विजेतेपद दोन पावलांवर असताना ‘नाही’ कोण म्हणेल?

मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील ‘यूएफसी’चीही सुरुवात १९९३मध्ये अशाच आठ जणांच्या स्पर्धेने झाली होती. १९९४मधील तिसऱ्या स्पर्धेत दुखापतींमुळे स्टीव्ह जेनम हा राखीव खेळाडू थेट अंतिम लढतीत उतरला आणि एकच लढत खेळून विजेता ठरला. पुढे यूएफसीने ही पद्धत सोडली.

पद्धत बंदच करायची का?

तशी गरज नाही. किकबॉक्सिंगची ओळखच या रात्रींनी घडवली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१मध्ये ‘वाको’ या जागतिक किकबॉक्सिंग संघटनेला पूर्ण मान्यता दिली. अशा वेळी व्यावसायिक आयोजकांनीही दोन गोष्टी निश्चित कराव्यात. पहिली, प्रहारांमुळे ज्याची लढत थांबवली गेली, तो खेळाडू त्या रात्री कोणत्याही कारणाने परत येणार नाही. बदली हवाच असेल तर तो ताजातवाना राखीव खेळाडू असावा. दुसरी, दोन लढतींच्या मध्ये डॉक्टरची तपासणी सक्तीची असावी आणि त्याचा शब्द अंतिम असावा, मग तिकिटे कितीही विकली गेलेली असोत.

यामुळे कधीतरी अंतिम लढत फिकी होईल, एखादा लाडका खेळाडू प्रेक्षकांना दिसणार नाही. २००२सारखी कथा पुन्हा घडणारही नाही. पण ती कथा सुखान्त झाली, म्हणून आज आठवते. त्या रात्री हूस्टच्या डोक्यावर आणखी एक जबर ठोसा बसला असता, तर आपण तिला वेगळ्या नावाने ओळखले असते.