फांदीतला वाघ

येऊरला बिबट्या दिसला की ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत चर्चा होते. झाडावरच्या ‘वाघ-भुंगेऱ्या’ची दखल मात्र कोण घेणार? आशियातील उष्ण प्रदेशांच्या रानांत हा सडपातळ शिकारी कीटक मुंगळ्यासारखा फांद्यापानांवर धावतो आणि लहान किडे पकडून खातो. त्यातील ‘निओकॉलायरिस’ गटाच्या जाती आपल्या पश्चिम घाटातही आहेत. फाउलर यांच्या १९१२ सालच्या ग्रंथात भारतातील वाघ-भुंगेऱ्यांची सविस्तर वर्णने आहेत. त्यांच्यासाठी मोर्चा मात्र कोणी काढलेला नाही!

याची अळी जिवंत डहाळीत बीळ कोरून राहते. बिळाच्या तोंडाशी किडा आला की झडप घालते. मोठी होईपर्यंत तिचे सारे जग तेवढेच. फांदी तोडली की शिकारी आणि घर दोन्ही गेले.

आता आपला कायदा पाहा. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष-कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून जुने झाड तोडले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची. हिशेब ऐकायला गोड आहे. पण रोपे दूरच्या माळावर लागली, तर फांदीतली अळी तिथे जाणार कशी?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कायदा वाचणे तर आमच्याच शाखेचे काम आहे! तोडीच्या अर्जावर झाडाचे वय आणि घेर लिहितात, तसेच त्यावर कोण राहते हेही जाणकाराकडून तपासून लिहिले जावे. आणि ते लिहिल्याखेरीज परवानगी मिळू नये.