तिसऱ्या सीझरआधी

सीझर चांगलं की वाईट, या वादात मला पडायचं नाही. बाळ आडवं आहे, ठोके मंदावलेत, अशा वेळी सीझरनेच आई आणि बाळ वाचतात. तिथे ‘नॉर्मलच करा’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालणं हा निव्वळ अडाणीपणा. मला बोलायचंय ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सीझरबद्दल. कारण पहिल्या सीझरनंतर घरात एक समज पक्का होतो, की टाके भरले, विषय संपला.

पोटावरचे टाके भरतात, पण गर्भाशयावरचा व्रण राहतो. पुढच्या गरोदरपणात वार त्या व्रणावर चिकटली तर ती गर्भाशयाच्या स्नायूत, कधी थेट मूत्राशयापर्यंत रुतत जाते. बाळ बाहेर येतं, वार सुटत नाही, आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी पुष्कळदा गर्भाशयच काढावं लागतं. अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक बायकांच्या सीझरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वार अशी रुतण्याचं प्रमाण त्यात पहिल्या सीझरला हजारात दोन-तीन होतं, तिसऱ्याला सहाच्या आसपास आणि चौथ्याला एकवीस. त्यातही वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर तिसऱ्या सीझरला शंभरात चाळीस जणींना हा धोका! आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे. एवढा रक्तस्राव त्यांनी सोसायचा कसा?

बाळालाही झळ लागतेच. ३९ आठवडे भरण्याआधी, कळा नसताना काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. तरी आखातातून आलेल्या नवऱ्याची रजा संपते म्हणून तारीख अलीकडे ओढणारी घरं आहेतच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सीझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. या फरकाचा जाब डॉक्टरमंडळींना विचारायलाच हवा. पण घराचाही जाब आहे. दोन सीझर झालेल्या सुनेला ‘दोन मुली झाल्या, आता एक मुलगा होऊ दे’ म्हणणाऱ्या सासूबाईंना तिच्या गर्भाशयाची अवस्था कोणी सांगितलेली असते का? डॉक्टर तिसऱ्या वेळी ‘आता थांबा’ म्हणतात, तर नवरा सही करत नाही. वास्तविक कायद्याने तिची स्वतःची सही पुरते, हेही तिला कोणी सांगत नाही.

मग दीन मध्ये आणला जातो. कायमच्या ऑपरेशनबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, मान्य. पण आईच्या जिवाला धोका असेल तर सवलत आहे, असं सांगणारेही अनेक आहेत. मसला जरूर विचारा, फक्त डॉक्टरांचा कागद सोबत नेऊन विचारा. ‘मूल नको’ असा सवाल आणि ‘पुढच्या बाळंतपणात जीव जाऊ शकतो’ असा सवाल, हे दोन वेगळे सवाल आहेत. आणि अंतर ठेवण्याबद्दल म्हणाल, तर कुरआनने पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख केलाच आहे. सीझरनंतर दीड वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले तर कळांमध्ये व्रण उसवण्याची भीती वाढते. तेव्हा तांबी बसवायची की आणखी काही, हे दवाखान्यातून घरी येण्याआधीच ठरवावं.

एका सीझरनंतर पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊच शकत नाही, हेही खरं नाही. गर्भाशयावरची चीर खाली आडवी असेल आणि पहिल्या वेळचं कारण पुन्हा उद्भवलेलं नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणी मोकळ्या होतात. मात्र साधारण दोनशेत एकीचा व्रण उसवतो. म्हणून हा प्रयत्न घरी किंवा दाईच्या भरवशावर कदापि नको. तातडीने ऑपरेशन होईल, रक्त मिळेल, अशाच ठिकाणी करावा.

यासाठी पहिल्या सीझरचं डिस्चार्ज कार्ड हवं. सीझर का केलं आणि चीर कशी घेतली, हे त्यावर लिहून मागा. लग्नाचा अल्बम आपण प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपतो, आणि हे कार्ड दुसऱ्या खेपेला सापडत नाही. पुढच्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की वार जुन्या टाक्यांवर आहे का? ‘हो’ म्हणाले, तर रक्तपेढी असलेलं मोठं रुग्णालय सातव्या महिन्यातच गाठावं, आणि रक्त देणारे दोन-चार जण घरातूनच तयार ठेवावेत.