पिशवी साफ करण्याआधी

"अंगावरून जास्त जातंय," एवढंच बाई सांगते, तेही आधी जावेला किंवा बहिणीला. डॉक्टरपर्यंत पोचेतो हिमोग्लोबिन सातावर आलेलं असतं. पुढचा रस्ता ठरलेला. आधी गोळ्या, मग "पिशवी साफ करू", शेवटी "आता काढूनच टाका".

बहुतेकींच्या बाबतीत कारण नेहमीचंच निघतं: फायब्रॉइड, पॉलिप, नाहीतर हार्मोन्सचा घोळ. पण काही थोड्याजणींच्या गर्भाशयात रक्तवाहिन्यांचाच गुंता झालेला असतो. हिमँजिओमा ही त्यातली एक गाठ, कर्करोगाची नव्हे. तिची पहिली नोंद १८९७ सालची. जुळ्यांना जन्म देऊन दिवसभरात दगावलेल्या एका तरुणीच्या शवविच्छेदनात ती सापडली. म्हणजे निदान झालं ते बाई गेल्यावर.

दुसरा प्रकार एव्हीएम. ही खरं तर गाठ नव्हे, चुकीची जोडणी. कालव्याचं पाणी चाऱ्यांतून शेतात मुरत जायला हवं. मधल्या चाऱ्याच नसतील आणि कालवा थेट ओढ्यात सुटला, तर काठ टिकेल का? इथंही रोहिणीतलं जोराचं रक्त केशवाहिन्या वगळून थेट नीलेत घुसतं. काहींना हा दोष जन्मजात असतो, पण अनेकदा तो गर्भपात, क्युरेटिंग (म्हणजेच पिशवी साफ करणं) किंवा सिझेरियननंतर उद्भवतो. आणि अशा पिशवीत पुन्हा क्युरेट फिरवला, तर थांबवायला गेलेला रक्तस्राव धो धो सुरू होऊ शकतो.

म्हणून माझा आग्रह कलर डॉपलरचा आहे. साध्या सोनोग्राफीत जे नुसते काळे ठिपके दिसतात, ते यात वाहत्या रक्ताच्या रंगांनी उजळतात. (उलटी भीतीही नको. गर्भपातानंतर काही आठवडे असे रंग दिसतात आणि बऱ्याचदा आपोआप मावळतात. प्रत्येक रंगीत डाग म्हणजे एव्हीएम नव्हे.) निदान पक्कं झालं, तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती रोहिणी आतूनच बुजवता येते. पिशवी राहते, नंतर दिवस राहिल्याचीही उदाहरणं आहेत. ही सोय मोठ्या शहरांतच एकवटली आहे, हे खरं. रक्त थांबतच नसेल आणि जवळ दुसरा इलाज नसेल, तर पिशवी काढणारा डॉक्टर जीवच वाचवत असतो. माझं भांडण त्याच्याशी नाही.

भांडण आहे या आजारांना चिकटवलेल्या 'दुर्मीळ' या शब्दाशी. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं २०११ मध्ये अशा रक्तस्रावाची कारणं नऊ खणांत मांडली. एव्हीएम शेवटच्या, 'इतर'च्या खणात गेला. पण दुर्मीळ कुणी ठरवायचं? हिमँजिओमाचं नाव बहुधा पिशवी काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच कळतं. आपल्याकडे ऑपरेशननंतर ट्रेमध्ये पिशवी आणून नातेवाइकांना दाखवतात, "बघा, केवढी झाली होती." ती पुढं प्रयोगशाळेत जातेच असं नाही. खर्च कोण करणार?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात राज्य सरकारच्या समितीसाठी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या किती पिशव्यांचा पॅथॉलॉजीचा कागद आज त्या घरांत असेल? जे तपासलंच नाही, ते मोजणार कसं?

तुमच्या घरात कुणाची पिशवी साफ करायचं ठरलं असेल, तर आधी विचारा, डॉपलर झालाय का? आणि काढायची वेळ आलीच, तर ट्रे बघून घरी येऊ नका. ती तपासायला पाठवायला लावा आणि रिपोर्टचा कागद मागून घ्या.