जालना रोडवर ड्रायव्हरलेस गाडी? फुकट सॉफ्टवेअर तर आहे!

संध्याकाळी क्रांती चौकातून सिडकोकडे बाइक काढून बघा. राँग साइडने रिक्षा येते, दुभाजकातून कुणीतरी उडी मारतं. मला दरवेळी वाटतं, हे सगळं कॉम्प्युटरला समजवायचं कसं?

समजवणारं सॉफ्टवेअर फुकटात डाउनलोड करता येतं, हे मात्र खरंय. तीन नावं लक्षात ठेवा: जपानच्या नागोया विद्यापीठातून २०१५ मध्ये आलेलं ऑटोवेअर, चीनच्या बायडूचं अपोलो (२०१७) आणि अमेरिकेतल्या कॉमा एआयने २०१६ मध्ये खुलं केलेलं ओपनपायलट.

ओपनपायलटचे व्हिडिओ बघून "आपल्या गाडीला बसवू का?" असं विचारणारे मला भेटतात. नका बसवू. एक तर ते ड्रायव्हरलेस नाहीच. ते लेन आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सांभाळतं, पण नजर तुम्हालाच रस्त्यावर ठेवावी लागते. स्टीअरिंग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवायची सोय गाडीत आधीपासून हवी, म्हणजे घरची जुनी अल्टो बाद. आणि ते शिकलंय वापरणाऱ्यांच्या ड्रायव्हिंगवरून. त्यात सेव्हन हिल्सखालची रिक्षा कुठून येणार?

ऑटोवेअर आणि अपोलोचं गणित वेगळं. दोन्ही सहसा लायडार आणि रस्त्याच्या अतिशय बारीक नकाशावर चालतात. आपल्याकडे पाइपलाइनसाठी रस्ता खोदला की तो नकाशा शिळा!

शिकायला मी ऑटोवेअर निवडेन. ते आरओएस २ वर उभं आहे, रोबोटिक्समध्ये सगळीकडे चालणारी गोष्ट. अपोलोने २०१९ पासून स्वतःचं सायबर आरटी आणलं, त्यामुळे तिथे शिकलेलं दुसरीकडे तितकं कामी येत नाही. शिवाय जपानही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतो.

पण शिकून काय? ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी २०२३ मध्येच म्हणाले. वाळूजला, शेंद्र्याला कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या घरून बघितलं तर त्यात चूक वाटत नाही. तरी ब्रेक आपोआप लावणाऱ्या, लेन सांभाळणाऱ्या गाड्या विकल्या जातायतच. टोयोटाने २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी राज्याशी करार केला. हे काम येणाऱ्यांना तिथे विचारलं जाईल, असा माझा अंदाज.

सुरुवातीला गाडी लागत नाही, उबुंटू टाकलेल्या लॅपटॉपवर ऑटोवेअरचा सिम्युलेटर चालतो. आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट बघा. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरं यांना वेगळी लेबलं आहेत. फक्त ते रस्ते हैदराबाद-बंगळुरूकडचे. जालना रोडचं शूटिंग कुणीतरी आपल्यातल्यानेच करायला हवं.