ट्रकही आपल्या वस्तीतला, सायकलही आपल्या वस्तीतली

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते. मग सांगली-सातारच्या रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेले ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. त्याच रस्त्यांच्या साइडपट्टीवरून भल्या सकाळी आणि दिवेलागणीला कॅरिअरला डबा लावलेल्या सायकली जात असतात. कुपवाडच्या, मिरजेच्या, साताऱ्याच्या एमआयडीसीत पाळीला निघालेला कामगार, मार्केट यार्डातला हमाल, बांधकामावरचा गवंडी, शाळेला निघालेली आठवीतली मुलगी. यांची सायकल हौसेची नाही, गरजेची आहे.

आरोग्याच्या पानावर रस्त्याचा विषय कशाला, असे कुणी विचारील. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून जास्त. एखाद्या तापाच्या साथीने इतकी माणसे गेली असती तर घरोघर फवारणी झाली असती. रस्त्यावरच्या मरणाला मात्र आपण नशीब म्हणतो आणि गप्प बसतो. आणि घरातला कमावता माणूस मांडी मोडून सहा महिने अंथरुणाला खिळला, तर सावकाराचे व्याज, मुलांची फी आणि औषधाचा खर्च एकदमच दारात उभे राहतात.

दुसरी बाजूही पाहा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. कामावर जायला वीस मिनिटे आणि यायला वीस मिनिटे सायकल मारणाऱ्याचा सहा दिवसांत 240 मिनिटांचा व्यायाम होतो. साखर, रक्तदाब आणि वजन आटोक्यात ठेवायला याची मोठी मदत होते, तीही पेट्रोलचा पैसा न घालवता. असे फुकटचे औषध आपल्या माणसाच्या जिवावर उठता कामा नये.

माझे म्हणणे सरळ आहे. सायकलवाल्याला सांभाळून घेणारा ड्रायव्हर डॉक्टरइतकेच मोलाचे काम करतो. पण ते काम केवळ त्याच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. तसे वागण्याइतका वेळ, झोप आणि मोकळीक त्याला मिळाली पाहिजे. आणि हा ड्रायव्हर परका नाही. आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे ट्रकवर, टेम्पोवर, ट्रॅक्टरवर आहेत. एका घरातला भाऊ स्टिअरिंगवर आणि दुसरा सायकलवर, अशीही घरे आपण पाहतो. म्हणून हे दोघांनाही सांगायचे आहे.

आधी ड्रायव्हर बांधवांशी बोलू. सायकल सरळ रेषेत चालत नाही. पुढे खड्डा येतो, वाळू येते, ट्रॉलीतून पडलेला ऊस आडवा येतो आणि सायकलवाला हातभर उजवीकडे सरकतो. त्याच क्षणी भरलेली गाडी खेटून गेली तर गाडीचा धक्का लागायचीही गरज नसते, वाऱ्याच्या झोताने तोल जातो. जर्मनीने 2020 साली नियमच केला, की शहरात सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडायचे. दीड मीटर म्हणजे साधारण पाच फूट. आपल्याकडे तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे, समोरून येणारी गाडी जाऊ द्यावी आणि मगच ओलांडावे. यात फार तर अर्धा मिनिट जातो.

दोन ट्रॉल्या असतील तर जास्त जपायला हवे. इंजिन पुढे गेले म्हणजे सायकल मागे पडली असे होत नाही. दुसऱ्या ट्रॉलीचे शेवटचे चाक पुढे जाईपर्यंत डावीकडे घेऊ नये. डावीकडे वळताना तर सगळ्यात मोठा धोका. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या अंगाला केबिनजवळ असलेली सायकल त्याला दिसतच नाही. वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत कापतात आणि नेमका तिथेच सायकलवाला असतो. पूर्वी क्लीनर खिडकीतून डोके काढून बघायचा, आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो. मग वळण्याआधी सिग्नल द्यायचा, गाडी रांगायला लावायची आणि डावा आरसा दोनदा बघायचा.

वेगाचा हिशोबही सोपा आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ब्रेककडे पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर सरते. गाडी थांबायला लागणारे अंतर पुढे वेगळेच, आणि माल भरलेला असेल तर ते आणखी वाढते. सायकलच्या अगदी मागे येऊन कर्कश हॉर्न मारल्याने पुढचा माणूस बाजूला होत नाही, तो दचकतो आणि डगमगतो. निरनिराळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला तर कायद्यानेच बंदी आहे. रात्री समोरून सायकल दिसली की डिपर मारून दिवा खाली करावा, नाहीतर त्या बिचाऱ्याला रस्त्याची कडाच दिसत नाही. मोटार वाहन चालनाचे 2017 चे केंद्रीय नियमही सांगतात, की पादचारी, सायकलस्वार, मुले, म्हातारी माणसे आणि अपंग यांची चालकाने विशेष काळजी घ्यायची आहे. सायकलला जागा देणे म्हणजे उपकार नव्हे, ते चालकाचे कर्तव्य आहे.

यावर ड्रायव्हर म्हणतात, "सायकलवाले कसेही घुसतात." काही वेळा ते खरे असते. म्हणून सायकलवर जाणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. उभ्या किंवा वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसू नये. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही, हे पक्के समजावे. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पॅडलला पिवळी चकाकणारी पट्टी लावावी, अंधारात फिक्या रंगाचा शर्ट घालावा, कानात इअरफोन घालू नये. ट्रॉलीला धरून सायकल ओढत नेण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये. पण चूक दोघांकडून होत असली तरी तिचा भार सारखा नसतो. सायकलवाला चुकला तर त्याचा जीव जातो, आणि ट्रकवाला चुकला तरीही जीव सायकलवाल्याचाच जातो. ज्याच्या हातात जास्त वजन, त्याच्यावर जास्त जबाबदारी.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ड्रायव्हर घाई का करतो? बहुतेक वेळा त्याचा पैसा खेपेवर असतो. जास्त खेपा, जास्त पैसे. कारखान्याच्या आवारात रांगेत तासन् तास जातात आणि ते तास मग रस्त्यावर भरून काढले जातात. दोन रात्री धड न झोपलेल्या माणसाला पाच फुटांचे अंतर शिकवून काय उपयोग? बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यातून कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. पुढे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठीही दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास हे माप ठरवले. कागदावरचे हे माप उसाच्या हंगामात किती ड्रायव्हरांच्या वाट्याला येते, हे आपल्या घरातल्या ड्रायव्हरलाच विचारा.

म्हणून कारखान्यांकडे, वाहतूक ठेकेदारांकडे आणि पालिकेकडे आपण सरळ मागण्या केल्या पाहिजेत. रांगेतल्या थांबण्याचे पैसे ड्रायव्हरला मिळावेत. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर असल्याशिवाय ती गव्हाणीपाशी घेऊ नये. हंगामाच्या सुरुवातीला ड्रायव्हरांचे डोळे, साखर आणि रक्तदाब तपासावेत. पाळी सुटण्याच्या वेळेला एमआयडीसीच्या रस्त्यावर अवजड वाहतूक थोडा वेळ थांबवावी. साइडपट्टी मुरूम टाकून सारखी करावी आणि तिथे गाड्या उभ्या राहू देऊ नयेत.

शेवटी एक कडू गोष्ट. अपघात झाला की जमाव ड्रायव्हरवर धावून जातो. मग तो जखमीला टाकून पळतो. जखमीला दवाखान्यात पोचवणे हे कायद्याने ड्रायव्हरचे काम आहे, पण जमावाच्या रागामुळे ते जमत नसेल तर त्याला सूट आहे, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. म्हणजे आपल्या हाणामारीने नुकसान होते ते जखमीचे. पहिला एक तास सोन्याचा असतो. आधी 108 ला फोन करा, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा, मानेला हिसका बसू देऊ नका. मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार होतात. दवाखान्यात पैसे मागितले तर या योजनेचे नाव घ्या.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीतले ड्रायव्हर आणि सायकलवर जाणारे यांना एकत्र बसवा. वस्तीत एखादा ट्रक उभा असेल तर सायकलवाल्याला त्याच्या स्टिअरिंगवर बसवा आणि डाव्या बाजूचे काय काय दिसत नाही ते दाखवा. ड्रायव्हरला सायकलवर बसवून शेजारून गाडी गेल्यावर कसे वाटते ते विचारा. मग वर्गणी काढून वस्तीतल्या प्रत्येक सायकलला रिफ्लेक्टर लावून टाका. खर्च थोडा आहे आणि काम एका दुपारचे आहे.