भीतीलाही फॉलो-अप हवा

ॲनाफिलॅक्सिसमधून सावरलेल्या मुलाला घरी सोडताना आपण कार्डावर औषधे लिहितो, ‘शेंगदाणे टाळावेत’ असे लिहितो आणि खाली ‘त्रास झाल्यास त्वरित आणावे’ अशी सूचना देतो. आई विचारते, “डॉक्टर, पुन्हा असं काही होणार नाही ना?” आपण म्हणतो, “काही होत नाही, काळजी करू नका.” मूल शेजारी बसून ऐकत असते. पुढच्या आठवड्यात ते डबा न उघडताच घरी आणते, प्रत्येक घासाआधी “यात दाणे नाहीत ना?” असे विचारते, रात्री आईला बिलगल्याशिवाय झोपत नाही, वरणभातसुद्धा घशात अडकतोय म्हणून थुंकून टाकते. पालक ही तक्रार घेऊन आले, तर ‘हळूहळू विसरेल’ एवढेच उत्तर त्यांना बहुतेकदा मिळते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही भीती त्या रिॲक्शनचाच मागे उरलेला भाग आहे आणि तिच्यावर उपचार करणे हे आपलेच काम आहे. मोघम सल्ल्याने ती वाढते. नेमकी माहिती आणि प्रत्यक्ष सराव यांनी ती ओसरते.

भीती येते कुठून? आता काहीतरी भयंकर घडणार, आपण मरणार, ही भावना ॲनाफिलॅक्सिसच्या लक्षणांतच मोडते. त्या क्षणी मुलाच्या शरीराने दिलेला इशारा खरा होता. नंतर ॲड्रेनलिनमुळे छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो. कोणी समजावले नाही, तर मुलाच्या मनात आजार, औषध आणि मरण यांची एकच गाठ बसते. मग जिना चढून धाप लागली तरी त्याला वाटते, पुन्हा सुरू झाले. ‘ती धडधड औषधाची होती, औषध काम करत होतं, थोड्या वेळात ती थांबली’ हे मुलाला वॉर्डातच सांगायला मिनिटभर पुरते.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या २० मुलांची तुलना इन्सुलिनवर असलेल्या २० मधुमेही मुलांशी केली होती. रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलांपेक्षा ॲलर्जी असलेली मुले अधिक धास्तावलेली होती. घरापासून दूर राहण्याची त्यांना जास्त चिंता वाटत होती. मात्र ॲड्रेनलिनचा संच जवळ असला की त्यांच्यातील बहुतेकांना सुरक्षित वाटत होते. आमच्या मते यात मोठा बोध आहे. मधुमेही मुलाला रोज काय करायचे ते शिकवलेले असते. ॲलर्जी असलेल्या मुलाला फक्त काय टाळायचे ते सांगितलेले असते.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. ‘पुन्हा होणार नाही’ हे वचन आपण देऊ शकत नाही. ते मोडले, तर मूल आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. खरे उत्तर जास्त धीर देते. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या काळात अन्नामुळे झालेल्या ॲनाफिलॅक्सिससाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दरवर्षी ५.७ टक्क्यांनी वाढले. पण दाखल रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे प्रमाण ०.७० टक्क्यांवरून ०.१९ टक्क्यांवर उतरले. म्हणून आईला सांगावे, “चुकून पुन्हा पोटात जाऊ शकतं. गेलं तर काय करायचं ते तुम्हाला आणि त्याला आजच शिकवतो. वेळेवर इंजेक्शन मिळालेली बहुतेक सगळी मुलं बरी होतात.”

नेमकेपणाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते. मराठी घरात दाण्याचे कूट साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत आणि उपवासाच्या आमटीत असते. चिवड्यात अख्खे दाणे असतात. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिने जवळपास उरत नाहीत, त्यामुळे ते बहुतेकांना चालते. घाण्याच्या तेलात ती राहतात. हे न सांगता नुसते ‘शेंगदाणे टाळा’ म्हटले, की घाबरलेले घर काजू, तीळ, मूग आणि शेवटी बाहेरचे सगळेच बंद करते. त्यात आपण आयजीईचा अहवाल पाहून आणखी चार पदार्थांवर फुली मारतो. जो पदार्थ मूल आजवर बिनत्रास खात आले, तो केवळ कागदावरच्या आकड्यासाठी बंद करू नये. शंका असेल तिथे ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच ओरल फूड चॅलेंज करावे. टाळायच्या यादीशेजारी बिनधास्त खायच्या पदार्थांची यादी लिहून ती मुलाच्याच हाती द्यावी. वाचता येणाऱ्या मुलाला पाकिटावरची ॲलर्जेनची ओळ शोधायला लावावी. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन, मासे यांसारखे घटक तिथे जाहीर करणे बंधनकारक आहे.

दुसरी परीक्षा आपत्कालीन योजनेची. ही योजना एका पानावर, मराठीत असावी. ॲड्रेनलिन हेच पहिले औषध; अँटिहिस्टॅमिन आणि स्टेरॉइड त्याची जागा घेत नाहीत. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या अँप्यूलमधून २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. मुलाला आडवे ठेवावे, धाप असेल तर बसू द्यावे, पण उठवून चालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस द्यावा. ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबांना अँप्यूल आणि सिरिंज हाताळायला शिकावे लागते. ते तोंडी सांगून जमत नाही. सलाइनच्या अँप्यूलवर आई, वडील, आजी अशा प्रत्येकाकडून ते करवून घ्यावे आणि पुढच्या भेटीत पुन्हा पाहावे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईमधील एका चाचणीत ज्या किशोरवयीनांनी देखरेखीखाली रिकाम्या सिरिंजची सुई स्वतःला टोचून पाहिली, त्यांची इंजेक्शनबद्दलची धास्ती कमी झाली. लहान मुलांसाठी बाहुली आणि सुई नसलेली सिरिंज पुरेशी आहे.

“ही भीती आहे की रिॲक्शन?” हा प्रश्न घराला सर्वांत जास्त छळतो. पित्त उठणे, ओठ सुजणे, वारंवार उलट्या, आवाज बसणे, छातीत घरघर ही रिॲक्शनची चिन्हे आहेत. पण सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, हेही पालकांना ठाऊक हवे. काही खाण्यात आले असण्याची शक्यता असेल आणि संशय असेल, तर इंजेक्शन द्यावे. योग्य मात्रेत, स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन मुलाला क्वचितच अपाय करते. उशीर अपाय करतो. काहीही खाल्लेले नाही, मूल स्पष्ट बोलते आहे, बोटांना मुंग्या येत आहेत, अशा वेळी शेजारी बसून सावकाश श्वास घ्यायला लावावा आणि दर काही मिनिटांनी पुन्हा तपासावे. ‘नाटक करू नकोस’ असे म्हणू नये. आणि मूल शांत राहावे म्हणून गुंगी आणणारे अँटिहिस्टॅमिन रोज देणे बंद करावे. त्या गुंगीत खरी रिॲक्शन लक्षात यायला वेळ लागतो.

पहिले काही आठवडे सावधपणा स्वाभाविक आहे. त्यानंतर मुलाला पायरीपायरीने पूर्वीच्या जगात परत न्यायचे असते: आधी घरी सुरक्षित पदार्थ, मग शाळेत डबा, मग मित्राच्या वाढदिवसाला घरचा खाऊ घेऊन जाणे. ज्या मुलाला वर्गात कोणी चिक्की खाल्ली तरी श्वास कोंडल्यासारखे वाटते, त्याच्यासाठी एक निष्कर्ष मोलाचा आहे. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांच्या त्वचेवर पीनट बटर लावले आणि ते जवळून हुंगायला दिले. काहींना त्या जागी लाली किंवा खाज आली, पण एकालाही श्वसनाची किंवा सर्वांगाची रिॲक्शन आली नाही. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात याच तत्त्वावर, तज्ज्ञांसमोर ॲलर्जेनच्या जवळ बसण्याचा सराव भीतीवरील उपचार म्हणून वापरला गेला आहे. हा सराव ॲलर्जीतज्ज्ञांच्या संमतीनेच करावा आणि त्यात चव घेणे कधीही नसावे. मासे-कोळंबी शिजतानाच्या वाफेने मात्र काहींना खरोखर त्रास होतो. तिथे हा नियम लावू नये.

घरातल्या मोठ्यांशी बोलणेही उपचाराचाच भाग आहे. “तुझं लक्ष कुठे होतं?” हा प्रश्न आईला विचारला जातो, तेव्हा मूल स्वतःलाच दोषी धरते. “थोडं थोडं देत जा, सवय होईल” असा सल्ला प्रेमापोटी येतो आणि जिवावर बेतू शकतो. म्हणून फॉलो-अपला आजीआजोबांनाही बोलवावे. वर्गशिक्षकांसाठी योजनेची प्रत द्यावी आणि ‘याला कोणी दाण्यांवरून चिडवतं का?’ हे मुलाला एकट्याला गाठून विचारावे.

महिना उलटूनही वजन घटत असेल, शाळा चुकत असेल, झोपेत दचकून उठणे थांबत नसेल, खाण्याचे पदार्थ मोजकेच उरले असतील, तर बालमानसतज्ज्ञांकडे पाठवावे. मुलांच्या चिंताविकारांत कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा उपयोग सिद्ध झालेला आहे. मात्र पाठवताना कोणता ॲलर्जेन खरा आणि कोणता पदार्थ सुरक्षित हे चिठ्ठीत लिहावे. त्याशिवाय मानसतज्ज्ञांना कोणत्या भीतीला सामोरे न्यायचे ते ठरवता येत नाही.

ॲलर्जीच्या चाचण्या साधारण ४ ते ६ आठवड्यांनी होतात. तोवर कुटुंबाला एकटे सोडू नये. घरी सोडल्यानंतर आठवड्याच्या आत एक भेट ठरवावी आणि तिची तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहावी. त्या भेटीत चार प्रश्न विचारावेत: काय खातोस, झोप कशी आहे, शाळेत जातोस का, आणि सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मूल स्वतः देईल, तोवर थांबावे. ॲड्रेनलिनचा डोस जितक्या काटेकोरपणे आपण मोजतो, तितक्याच काटेकोरपणे हे चार प्रश्न विचारले जावेत, ही आमची प्रत्येक वाचक डॉक्टरांना आग्रहाची विनंती आहे.