‘अंगावर जखम नव्हती’ म्हणजे संमती होती का?

पोलिसाला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की आपल्याकडे दोन दिवस चर्चा रंगते. २००५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला आणि पुढच्या वर्षी सुनील मोरे या पोलीस शिपायाला १२ वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हाही लोक मुलीविषयीच प्रश्न विचारत होते. ‘ती ओरडली का नाही? अंगावर ओरखडा तरी होता का?’ हे प्रश्न आजही माझ्या कानावर येतात. यातला दुसरा प्रश्न वैद्यकीय आहे, म्हणून त्याचे उत्तर डॉक्टरने द्यायला हवे.

याच प्रश्नाने महाराष्ट्रातल्या एका खटल्याचा निकाल फिरवला होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात (तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. तिचे नाव सर्वत्र छापले गेले आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. वैद्यकीय तपासणीत तिचे वय १४ ते १६ निघाले. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. एक मोठे कारण होते, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत.

आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहा. संकटात माणूस लढतो किंवा पळतो, एवढेच आपल्याला माहीत असते. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे थिजणे. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही, मेंदू आपोआप करतो. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी असे लक्षणीय थिजणे अनुभवले होते. मग रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, समोर वर्दी असताना एका मजूर मुलीने झटापट करावी ही अपेक्षा कुठल्या शास्त्रात बसते?

दुसरी गोष्ट. योनीमार्गाचा भाग लवचीक असतो, तिथला रक्तपुरवठा चांगला असतो. त्यामुळे अनेकदा जखम होतच नाही आणि झालेली लहान जखम लवकर भरते. देसाईगंजच्या मुलीची तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास झाली होती. तिसरी गोष्ट, ‘दोन बोटांची चाचणी’. त्या अहवालातही ती होती. या चाचणीतून बलात्कार झाला की नाही, हे काहीही कळत नाही. २०१३ आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला चुकीचे ठरवले. आमच्या व्यवसायाने ती इतकी वर्षे चालवली, याची मला लाज वाटते.

‘मग एखाद्या पोलिसावर खोटा आरोप झाला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. पुरावा तपासायलाच हवा आणि निकाल न्यायालयानेच द्यायचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की जखम नसणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नाही.

समाजाने तेव्हा वाद घातला म्हणून कायदा बदलला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कोठडीतील बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. २०१३ पासून तर कायद्यातच लिहिले आहे, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी असे काही घडले, तर एवढे लक्षात ठेवा:

• महापालिकेचे असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार आणि उपचार द्यायलाच हवेत. नकार देणे गुन्हा आहे. उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही.
• एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पण पाच दिवसांपर्यंत उपयोग होऊ शकतो.
• शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ टाळा. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असली तरी रुग्णालयात जरूर जा.
• मदतीसाठी ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.

आणि तिला ‘ओरडली का नाहीस?’ असे विचारू नका. ‘तुझी चूक नाही, मी तुझ्यासोबत येतो’ एवढेच म्हणा. उपचाराची सुरुवात तिथून होते.